देवापुढे साखर

आंबोलीच्या पठारावर वर्षातले बरेच महिने धुकं असतं आणि संगणकांना थंडावा लागतो, म्हणून प्रतिभाष प्रयोगशाळा तिथे बांधली गेली. धुक्याला हे कारण कोणी सांगितलं नव्हतं. ते खुशाल खिडकीतून आत यायचं, टेबलांवरून फिरायचं, आणि भिंतभर पसरलेल्या पडद्यावरचे दहा हजार ठिपके त्यात काजव्यांसारखे तरंगत राहायचे. तिथे बसलं की आपण जागे आहोत की नाही, अशी शंका चांगल्या चांगल्यांना यायची.

त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे एक 'भाबडा'. लॉटरी लागल्याचे खोटे ईमेल पाठवणाऱ्यांना उत्तरं लिहिणारी, संगणकाने घडवलेली व्यक्ती. हे भाबडे घडवले होते डॉ. शाल्मली तेंडोलकरने, चार वर्षं खपून. रोज ते नमुना म्हणून तिच्या नेहमीच्या ईमेलवरही पत्रं पाठवत आणि ती त्यांना शंभरपैकी गुण देई.

मंगळवारी सकाळी तिने पहिलंच पत्र उघडलं ते असं होतं:

'चि. शालूस अनेक आशीर्वाद. मला पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचं पत्र आलं आहे. देवापुढे साखर ठेवली. तिकीट काढल्याचं मात्र आठवत नाही. पण पत्रावर गोल शिक्का आहे, आणि शिक्क्याचं पत्र खोटं कसं असेल? बक्षिसाआधी शुल्क भरा म्हणतात. शुक्रवारी ठेव मोडू का? तू सांगशील तसं करीन.'

शाल्मली स्वतःशीच हसली. तिने अठ्ठ्याण्णव गुण दिले. दोन कापले, कारण शिक्क्याचं जरा अतीच झालं होतं.

तेवढ्यात प्रा. इक्बाल मुकादम चहाचा पेला घेऊन आले. ते संख्याशास्त्रज्ञ, गेल्याच महिन्यात संचालक म्हणून रुजू झालेले, आणि समजल्याशिवाय मान डोलवायची नाही हा त्यांचा बाणा.

"मला एक सांगा," ते म्हणाले, "हे चोर एवढे हुशार, मग त्यांची पत्रं इतकी बावळट का असतात? न काढलेल्या तिकिटाला बक्षीस, आणि तेही घेण्याआधी पैसे भरा. शाळकरी पोरसुद्धा ओळखेल."

"ओळखावं म्हणूनच तशी लिहितात, सर. लाखो पत्रं पाठवणं फुकट असतं, पण आलेल्या उत्तरांशी बोलत बसायला चोराचाही वेळ जातो. शंका घेणारा माणूस शेवटी पैसे देत नाही, म्हणून तो पहिल्याच पत्राला गळावा. एवढं बावळट पत्र वाचूनही जो उत्तर देतो, तोच त्यांच्या कामाचा. बावळटपणा ही त्यांची चाळणी आहे."

"आणि आपण त्या चाळणीत दहा हजार भाबडे ओततो."

"हो. खरा कोण, खोटा कोण हे कळेपर्यंत चोराचा दिवस संपतो."

मुकादमांनी चहा संपवला आणि पडद्यावर एक आलेख आणला. पूर्वी चोर एकेका भाबड्याशी साठ-साठ पत्रं बोलत. आता दुसऱ्याच पत्राला पळत होते. त्यांनी कारणही शोधून आणलं होतं. दहा हजारांपैकी प्रत्येक भाबडा पहिल्या पत्रात न चुकता लिहीत होता, 'देवापुढे साखर ठेवली.' चोरांना ती खूण सापडली होती. हे वाक्य दिसलं की समजायचं, समोर यंत्र आहे.

शाल्मली कानकोंडी झाली. चोरांनी चार महिन्यांत पकडलं ते तिला चार वर्षांत दिसलं नव्हतं, कारण ते वाक्य तिच्या कानांना लहानपणापासून सवयीचं होतं. भाबड्यांचा साचा तिच्या वच्छीआत्याचा होता. आत्याने वेंगुर्ल्याच्या पोस्टात एकतीस वर्षं काढली होती. आलेल्या पत्राला तीन दिवसांत उत्तर, हा तिचा नेम, आणि गोड बातमी आली की आधी देवापुढे साखर. शाल्मली वसतिगृहात असताना आत्याने लिहिलेली दोनशे पत्रं तिने संगणकाला वाचायला दिली होती. आत्याला विचारलं नव्हतं. आत्याची पोस्टकार्डं अजूनही यायची. आठ महिन्यांत एकाचंही उत्तर शाल्मलीच्या हातून गेलं नव्हतं.

शुक्रवार दुपारपर्यंत साखर काढा, असं मुकादम म्हणाले.

शुक्रवारी दुरुस्ती तयार झाली. धुकं दाट होतं, ठिपके जेमतेम दिसत होते. फक्त आज्ञा द्यायची बाकी होती, तेव्हा फोन वाजला. आत्या होती.

आवाज खोल गेलेला. तिला लॉटरी लागली होती म्हणे. पोस्टकार्डाला तू उत्तर देत नाहीस, म्हणून शेजारच्या सायलीकडून ईमेल शिकले, आणि मंगळवारी तुला विचारलं, असं ती सांगू लागली. तीन दिवस वाट बघितली. आज बँकेत जायला निघाले. निघण्याआधी रीत म्हणून त्या लॉटरीवाल्यांनाही कळवलं की देवापुढे साखर ठेवली आहे, ठेव मोडून शुल्क भरते. लगेच त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, 'आम्ही यंत्राशी बोलत नाही.' मग तिने पायातल्या चपला परत काढल्या.

"शालू, माका खरा सांग," आत्या म्हणाली. "मी काय यंत्र आसंय?"

शाल्मलीने मंगळवारचं पहिलं पत्र पुन्हा उघडलं. पाठवणाऱ्याचा पत्ता भाबड्याचा नव्हताच. तो बघायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. आत्या ईमेल लिहीत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. अठ्ठ्याण्णवचा हिरवा आकडा पत्राच्या कोपऱ्यात तसाच होता. तिला स्वतःची लाज वाटली. चोराने आत्याला यंत्र समजून सोडून दिलं, आणि तिनेही आत्याला यंत्रच समजून सोडून दिलं होतं. चोराने निदान तसं कळवलं तरी.

तिने दुरुस्ती पुसून टाकली. भाबडे साखर ठेवत होते तोवर आत्यासारखं 'साखर ठेवली' लिहिणाऱ्या कोणाच्याही दाराशी चोर थांबणार नव्हता. मुकादमांना ते पटवता येणार होतं. मग तिने आत्याला सगळं सांगितलं, ती दोनशे पत्रं, दहा हजार ठिपके, गुणसुद्धा.

आत्याने आधी गुणांचा हिशेब विचारला.

"दोन खंय गेले?"

"शिक्क्याचे कापले. आत्या, शिक्का कोणीही काढतं गं. न काढलेल्या तिकिटाला बक्षीस नसतं, आणि देणारा आधी मागत नाही."

"ता माका कळलाच होता. म्हणान तर तुका विचारलंय."

शाल्मलीने डोळे पुसले. धुक्यातून मोटार उतरायला दीड तास लागेल, संध्याकाळी मी तुझ्याकडे येते, असं तिने सांगितलं. आणि तोवर त्यांचं पुन्हा काही आलं, तर काय करायचं तेही सांगितलं.

"अशा पत्रांना उत्तरच द्यायचं नसतं, आत्या."

"ता तुका बरा जमता," आत्या म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.