खुंटीवरचा नान

ही गोष्ट मी अजून आईलाही सांगितलेली नाही. दिवा जरा इकडे सरकवा, म्हणजे सांगतो.

कोकंदच्या बाहेर, कालव्यापलीकडे जुनी ऐसपैस घरं आहेत. त्यातलं एक माझ्या मित्राला, बोतिरला विकत घ्यायचं होतं. ते तपासायला मी मार्चमधल्या एका सकाळी गेलो. अकरा खोल्या, लांबलचक ओसरी, अंगणात नारिंगी फळं धरणारं खुर्म्याचं झाड. सहा वर्षं प्रागमध्ये शिकून मी याच कामासाठी परत आलो होतो. आमच्याकडे ओल आली की चुना फासतात, भेग पडली की त्यावर गालिचा टांगतात आणि घर विकून मोकळे होतात. मी हे थांबवणार होतो. ‘जे दिसेल तेच लिहीन’ असं माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर छापलेलं असे.

घराची मालकीण मुनव्वर मावशी, सत्तरीची. मुलीकडे ताश्कंदला जाऊन राहणार म्हणून विकत होती. भिंतीत टोचायचं माझं यंत्र बघून ती खुदकन हसली.

“काय रे इल्योस, प्रागमध्ये भिंतींना ताप येतो वाटतं?”

“ओल मोजतो मावशी. खोटं बोलत नाही हे यंत्र.”

“मग बरं आहे. माणसांपेक्षा बरं आहे.”

तेवढ्यात बोतिरचा फोन. “काय डॉक्टर, जगेल ना घर? लवकर सांग, बायकोने पडद्यांचं कापडसुद्धा आणलंय.”

सगळं ठीक होतं. शेवटी उरली उत्तरेची खोली. मावशीने स्वतः कुलूप काढलं. आत जुन्या पिठाचा आणि डांबरगोळ्यांचा वास. भिंतीवर एका खुंटीला विटक्या फडक्यात बांधलेला नान.

तो कशाचा, हे मला विचारावं लागलं नाही. घर सोडून लांब जाणाऱ्याने नानचा एक घास घ्यायचा आणि उरलेला तो येईपर्यंत टांगून ठेवायचा. आला की त्यानेच संपवायचा. मी प्रागला गेलो तेव्हा आईनेही टांगला होता. परत आल्यावर मी नाक मुरडत दोन घास खाल्ले आणि म्हणालो होतो, “आई, याला बुरशी आलीये.”

“शुहरतचा, माझ्या मुलाचा,” मावशी म्हणाली. “चौदा वर्षं झाली. रशियात उत्तरेला बांधकामावर गेला... मग फोन यायचे बंद झाले.” तिने फडकं थोडं उघडून दाखवलं. घासाच्या कडेला मधोमध एक बारीक कंगोरा होता. “वरचा पुढचा दात नाही त्याला. अंगणातल्या झाडावरून पडला होता लहानपणी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “बोतिर कबूल झालाय. शुहरत येईपर्यंत खुंटी हलवायची नाही. तुझ्या कागदावर तेवढं लिही. आणि इथल्या सगळ्याला हात लाव, याला नको.”

ती चहा करायला गेली.

खुंटीमागे भिंतीचा रंग काळसर दिसत होता. घेणाऱ्याला खरं कळायला नको? मी फडकं अलगद उचललं. ते कुजलेलं होतं. नान फरशीवर पडला आणि त्याचे सात तुकडे झाले.

मला तेव्हाच हाक मारता आली असती. ‘मावशी, माझ्या हातून पडला,’ एवढंच म्हणायचं होतं. मी तुकडे गोळा करून बॅगेत कोंबले आणि चेन लावली. शेजारच्या कोठीत टोपलीभर वाळके नान होते, तिच्याच तंदूरमधले. मधोमध उठवलेला नक्षीचा ठसाही तोच. मी एक उचलला आणि दातांनी घास तोडला.

कडकन आवाज झाला, आणि त्याबरोबर झाडावरच्या चिमण्या गप्प झाल्या. फाटकाची कडी वाजली. अंगणातून ओसरीपर्यंत जड पावलं आली... आणि दाराशी थांबली.

मी घाईघाईने खोलीत येऊन नान फडक्याच्या धड उरलेल्या भागात गुंडाळून टांगला आणि वळलो. दारात कोणी नव्हतं. मावशी चहा घेऊन आली, ती उलट बाजूने, स्वयंपाकघरातून.

“तू खरं लिहितोस असं ऐकलं,” ती चहाची वाटी पुढे करत म्हणाली, “म्हणून तुला या खोलीत येऊ दिलं.”

तो चहा मी कसा प्यायलो ते मला आठवत नाही. बाहेर पडून मी अहवालात लिहिलं: ‘उत्तरेची खोली. भिंत कोरडी.’ ती भिंत मी मोजलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र राहवलं नाही. तुकड्यांची बॅग घेऊन मी परत गेलो. मावशी ओसरीवर बसली होती. पुढ्यात चहाच्या दोन वाट्या. एक भरलेली, साय धरलेली.

“काल तू गेलास,” ती हळूच म्हणाली, “आणि तो आला.”

“कोण?”

“दुसरं कोण येणार माझ्याकडे? भर दुपारी आला. फार वाळलाय रे... मी नान काढून हातात दिला. त्याने तोंडाशी नेला. असा फिरवला, तसा फिरवला. मग म्हणाला, ‘आई, हा माझा नाही.’”

“मग?” मी विचारलं.

“मग काय? गेला.” ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. “इल्योस, जरा हस बघू बाळा.”

मला हसता येईना. ओठ घट्ट मिटून मी मान खाली घातली.

“काल येताना तर सगळे दात दाखवून हसत होतास,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी बॅग उघडली. सातही तुकडे तिच्या ओढणीत ओतले. तिने एक तुकडा कपाळाला लावला आणि बाजूला ठेवून दिला.

“आता आणून काय उपयोग? कालच आणायचास. तो तुझ्या मागे गेला ना... आपला नान शोधायला.”

मी तो अहवाल फाडला. बोतिरने दुसरं घर घेतलं. मावशी ताश्कंदला गेली नाही. तिथेच आहे, फाटक उघडं टाकून.

आणि आमच्या घरी, रोज आई जेवणाला गरम नान आणते, जमिनीवर अंथरलेल्या दस्तरखानवर ठेवते आणि हात धुवायला वळते. मी हात मांडीवर घट्ट धरून बसलेलो असतो. ती परत वळते तेव्हा नानचा एक घास गेलेला असतो. घासाच्या कडेला, मधोमध, एक बारीक कंगोरा.

“जरा धीर धरवत नाही का रे तुला?” आई हसते. “तूच ना?”

मी हो म्हणतो.