हाताचा शॉट

दिग्दर्शकाला एक हात कमी पडत होता.

सिनेमाचं संकलन संपत आलं होतं आणि जिन्याच्या प्रसंगात एक भोक राहिलं होतं. आजारी तरुण जिन्यात उभा आहे, वरचा दिवा उघडझाप करतोय, खालून एक मुलगी दुधाची पिशवी घेऊन चढतेय. त्याचा चेहरा दिसतो, आणि पुढच्या शॉटला थेट मुलीची किंकाळी. मध्ये त्याचा हात हवा होता. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवर हळूहळू आवळत जाणारी बोटं. चित्रीकरणाच्या गडबडीत तेवढं घ्यायचं राहून गेलं होतं, आणि नट पुढच्या कामासाठी निघून गेला होता.

"कुणाचाही हात चालेल," दिग्दर्शक म्हणाला. "हाताला कोण ओळखतंय?"

संकलन करणाऱ्या बाईने तो शॉट यादीत लिहून घेतला. या सिनेमाबद्दल तिला जे बोलायचं होतं ते तिने सुरुवातीलाच बोलून घेतलं होतं. स्किझोफ्रेनिया म्हणजे एका अंगात दोन माणसं नव्हेत, असं तिने सांगितलं होतं. हा आजार झालेली माणसं दुसऱ्याच्या अंगावर जातात त्यापेक्षा दुसरेच त्यांच्या अंगावर जास्त येतात, हेही सांगितलं होतं. दिग्दर्शकाने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण खरं दाखवायचं तर दोन तास एक माणूस खिडकीशी बसलेला दाखवावा लागेल. तिकीट काढून कोण बघणार? माझी आईसुद्धा उठून जाईल."

हे सगळं तिला कसं माहीत, ते त्याने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

तिचा धाकटा भाऊ शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. हात इतका स्थिर, की सुईच्या नेढ्यात दोरा एका फटक्यात. नखांच्या कडेला तेलाची काळी रेघ कायमची. एका दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर काळं कापड पसरलं, कॅमेरा लावला आणि त्याला स्क्रूड्रायव्हर उचलायला सांगितलं.

"ताई, वेड्यासारखा उचलू की मेकॅनिकसारखा?"

"मेकॅनिकसारखाच उचल."

"मग लोक घाबरतील कसे?"

"ती भीती मी लावते. तू नुसता उचल."

त्याला हसू आलं. सिनेमातल्या आजाऱ्यांची तो नेहमीच थट्टा करायचा. त्यांना ऐकू येणारे आवाज फार हुशार असतात, म्हणायचा. खुनाचे बेत आखतात, भविष्य सांगतात. "माझे बघ. 'आता चप्पल घालतोय, आता कुलूप लावतोय.' इतके कंटाळवाणे, की झोप येते."

त्या आवाजांशी जगायची एक रीत त्याला डॉक्टरांनी घालून दिली होती. ऐकलेलं, पाहिलेलं खरं की आपल्या डोक्यातलं, असा संशय आला की विश्वासातल्या माणसांना विचारायचं. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर आपलं मत बाजूला ठेवायचं आणि त्यांचं धरायचं. तो हे न लाजता करायचा. जेवता जेवता मान वर करून विचारायचा, "आत्ता कुणी हाक मारली?" आई म्हणायची नाही, ताई म्हणायची नाही. "बरं," असं म्हणून तो पुढचा घास घ्यायचा. या एका रितीवर तो कित्येक वर्षं नाकासमोर चालत आला होता. त्याआधी बरेच महिने तो इस्पितळाच्या बंद वॉर्डात होता. घरी आला तेव्हा बहिणीकडे त्याने एकच गोष्ट मागितली होती: परत तिथे पाठवू नकोस. तिने शब्द दिला होता.

हाताचा शॉट उत्तम जमला. दोन-तीन सेकंदांचा, पण बघणाऱ्याचा श्वास अडकायचा. सिनेमाही चालला. लोक बाहेर पडताना म्हणायचे, आता कळलं बुवा हा आजार म्हणजे काय असतो.

*

सुरुवात खालच्या मजल्यावरच्या काकूंपासून झाली. भाजीची पिशवी घेऊन त्या जिन्यात थांबल्या होत्या, बहीण वर येत होती.

"तुला एक बोलू का? राग मानू नकोस. आम्ही तेव्हा गप्प बसलो. शेजारधर्म असतो. पण आता पोर मोठी झाली, भीती वाटते."

"कशाची भीती, काकू?"

"त्या दिवशीची गं. आमची पोर दूध घेऊन येत होती, तुझा भाऊ वर उभा. हातात ते हत्यार."

ती हसली. अगदी मनापासून हसली. "काकू, ते सिनेमातलं. परवा बघून आलात ना?"

"आले की बघून. मला काय सिनेमातलं नि घरातलं कळत नाही? दाताला कीड लागली, डोक्याला नाही." काकूंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग आवाज खाली आणला. "सिनेमातला तो बोलत नाही. तुझा भाऊ बोलला होता. भिंतीकडे तोंड केलं, कपाळ टेकवलं, आणि म्हणाला, 'अजून नाही.'"

तिचं हसू ओठांवरच राहिलं.

जिन्याच्या त्या प्रसंगात नट खरोखरच भिंतीकडे वळला होता, त्याने कपाळ टेकवलं होतं आणि तो 'अजून नाही' म्हणाला होता. ते तिने पहिल्याच दिवशी कापून टाकलं होतं, कारण त्याचा आवाज रडका लागला होता. पडद्यावर ते कधी आलंच नाही.

घरी जाऊन तिने शांत डोक्याने विचार केला. ती विज्ञान शिकलेली होती. कावळा बसायला आणि फांदी तुटायला, असं कितीदा होतं हे तिला ठाऊक होतं. सेटवर माणसं बरीच होती. कुणीतरी कुणाला तरी सांगितलं असेल. काकूंनी ते उचललं असेल आणि आपल्या आठवणीत गुंफलं असेल. आठवण म्हणजे काही फोटो नव्हे, माणूस ती दर वेळी नव्याने जुळवतो. हे सगळं पटण्यासारखं होतं. तिला ते पटलंही.

त्याच आठवड्यात धाकटा दुपारीच घरी आला. मशीनदुरुस्तीच्या दुकानाच्या मालकांनी त्याला कामावरून काढलं होतं.

ती दुकानात गेली. मालक म्हातारे, मऊ स्वभावाचे. धाकट्याला त्यांनी हाताला धरून काम शिकवलं होतं. ती दिसताच त्यांनी चालतं मशीन थांबवलं.

"माझ्या पोटात तुटतंय बेटा. पण गिऱ्हाईक बायकाच असतात सगळ्या. उद्या परत तसं झालं तर?"

"तसं म्हणजे कसं? काय केलं त्याने?"

"तुला ठाऊक नाही? एका गिऱ्हाईक बाईंच्या मागे जाऊन उभा राहिला. हातात स्क्रूड्रायव्हर. मी हाक मारली, तर भिंतीकडे वळला..."

"कधी झालं हे?"

"झाली की पाच-सहा वर्षं."

"मग तुम्ही त्याला इतकी वर्षं ठेवलंत कसं? दुकानाची किल्ली त्याच्याकडे होती. मुलीच्या लग्नाला गेलात तेव्हा दुकान त्याच्यावर टाकून गेलात."

मालकांनी मशीनचं चाक हाताने अर्धं फिरवलं आणि सोडून दिलं.

"तेच मला समजत नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. भीती होती.

*

हळूहळू सगळ्यांनाच आठवू लागलं. औषधाच्या दुकानातल्याला आठवलं. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना आठवलं, आणि ते तर सिनेमाच्या वाटेला जाणारे नव्हते. प्रत्येकाची जागा वेगळी, साल वेगळं. हात तोच, भिंतीकडे वळणं तेच, शब्द तेच. ऐकीव गोष्ट दहा तोंडी झाली की तिला फाटे फुटतात. ही दहा तोंडांतून तशीच्या तशी येत होती.

इमारतीतल्या लोकांनी रविवारी बैठक ठेवली. मास्तर निरोप घेऊन घरी आले. "त्याला कुठेतरी ठेवा. वाईट कुणालाच वाटत नाही असं नाही. पण ठेवा."

"ठेवा म्हणजे? तो काय ट्रंक आहे?"

"तुम्हीच सांगा मग रविवारी. असं काही झालं नव्हतं, हे घरातल्या माणसांनी समोर येऊन सांगावं. आम्ही ऐकू."

एवढंच तर करायचं होतं. तिने आणि आईने उभं राहून सांगायचं. संध्याकाळी तिने आईला तेच सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. डोळे अधू झाल्यापासून तिने सिनेमाच काय, टीव्हीसुद्धा बघणं सोडलं होतं.

"मी नाही येणार," आई म्हणाली.

"आई, तू नाही आलीस तर लोक काय समजतील?"

"देवाशपथ खोटं कशी बोलू?" आईने चादरीची घडी मोडली, परत घातली. "तू तेव्हा कामावर होतीस, म्हणून मी तुला बोलले नाही. माझ्या पोटचा आहे तो. झाकली मूठ झाकलेलीच बरी, म्हटलं."

खोलीत ट्यूबलाइटचा बारीक आवाज येत होता. आईनेच सांगितलं, अगदी हळू.

"भिंतीला कपाळ टेकवून उभा होता. 'अजून नाही,' म्हणाला."

आता त्याच्या बाजूने आठवणारी ती एकटी उरली होती. रविवारी तिने सांगितलं तर तो घरी राहणार होता. तिचाही धीर सुटला तर पुढचं दार वॉर्डाचं होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती स्टुडिओत गेली आणि त्या प्रसंगाचं कच्चं चित्रण उघडलं. काय दिसेल याची तिला खात्री नव्हती, आणि अशी खात्री नसणं तिच्यासाठी नवीन होतं.

पडद्यावर क्लॅपची पाटी वाजली. कुणीतरी खोकलं. प्लायवूडचा जिना, वर टांगलेला दिवा, दिव्यामागे उभ्या माणसाचे बूट. नट आला. तो नटच होता. भिंतीकडे वळला, कपाळ टेकवलं. "अजून नाही." मग दिग्दर्शकाचा आवाज, "कट, जरा कमी रड रे बाबा," आणि सगळे हसले.

तिने ते पुन्हा पाहिलं. मग स्वयंपाकघरात घेतलेला शॉट पाहिला: काळं कापड, स्थिर हात, आणि मागून तिचाच आवाज, 'तू नुसता उचल.' सगळं जागच्या जागी होतं. तिला मोकळं रडू आलं. हा पुरावा होता. दोन्ही गोष्टी लॅपटॉपवर घेऊन ती घरी आली. रविवारी बैठकीतच दाखवायच्या, पण आधी त्याला.

धाकटा खिडकीशी बसला होता. काम गेल्यापासून नखांकडची काळी रेघ फिकी झाली होती. त्याने सगळं नीट पाहिलं. क्लॅप, दिवा, बूट, हसणं. शेवटी लॅपटॉप हळूच मिटला.

"बघितलंस?" ती म्हणाली. "तो नट आहे. तू नाहीस."

"हो. नट आहे."

"मग?"

"त्यांनी हे नंतर केलं ना, ताई? जे झालं त्याच्यावरून."

"काही झालं नव्हतं. तुला आठवतंय का असं काही?"

"नाही."

"मग झालं तर."

"मला तर कितीतरी गोष्टी आठवतात ज्या झालेल्या नसतात. न आठवण्याचं काय घेऊन बसलीस?" तो समजुतीच्या सुरात बोलत होता, लहान मुलाशी बोलावं तसं. "मी सगळ्यांना विचारलं. आईला. मालकांना. काकूंना. सगळे म्हणतात झालं. तू एकटी म्हणतेस नाही. डॉक्टरांनी मला काय शिकवलंय?"

तिने लॅपटॉप परत उघडायला हात पुढे केला.

"एकटं माणूस चुकतं," तो म्हणाला. "ते मला चांगलं माहीत आहे. तू त्रास करून घेऊ नकोस."

तो उठला, खोलीच्या दारापाशी थांबला.

"फक्त कडी लावत जा बाहेरून. आईला भीती वाटते."

"त्या दाराला बाहेरून कडी कुठाय?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत तिच्याबद्दलची काळजी होती. मग तो आत गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

तो इस्पितळातून आला त्या वर्षी तिने स्वतः ते दार रंगवलं होतं. वरपासून खालपर्यंत, ब्रशने. त्या दाराचा वीतभर भागसुद्धा तिच्या नजरेतून सुटलेला नव्हता.

दुपारचं ऊन दारावर सरळ पडलं होतं.

छातीच्या उंचीवर कडी होती.

ती जवळ गेली. कडीवर दाराचाच रंग होता. चारही स्क्रूंच्या खाचा रंगाने भरून गेल्या होत्या. हे स्क्रू कुणी अलीकडे बसवलेले नव्हते. कडीच्या टोकाला मात्र रंग उडाला होता, बोट लागून लागून उडतो तसा. खालचं पितळ गुळगुळीत झालं होतं.

तिने अंगठा ठेवून पाहिला. तो तिथे नेमका बसला.

कडी सरकली. जराही कुरकुरली नाही.

आतून काही आवाज आला नाही. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, रोजच्या आवाजात, हातातलं काम न थांबवता:

"लावलीस का गं?"

"लावली," ती म्हणाली.