मोजणारा मी नको

हिवाळ्याच्या आरंभी, एका मंगळवारी दुपारी, संशोधन संस्थेच्या तळघरातील किरणकक्षाच्या शिशाच्या जाड दारापुढे ती बर्फाची पेटी छातीशी धरून उभी होती. वनस्पतिशास्त्राची ही संशोधिका एरवी सहायकाकरवी नळ्या पाठवी. त्या दिवशी सहायक आजारी पडला, आणि केवळ त्यामुळे किरणयंत्र सांभाळणाऱ्या तरुण भौतिकतज्ज्ञाशी तिची गाठ पडली.

त्याला सारी संस्था ‘पणसाहेब’ म्हणे. कारण कोणतेही विधान त्याच्यापाशी आले की ‘पण’ चिकटल्यावाचून परत जात नसे.

“काय आहे यात?” त्याने विचारले.

“रक्तपेशी. अर्ध्या नळ्यांत माझ्या पानाचा अर्क.” तिच्या बोटांवर हिरवट डाग होते, त्याची नजर तिथेच घोटाळली. “किरण पेशीतल्या पाण्यावर आदळले की उपद्रवी कण सुटतात आणि गुणसूत्रं तोडतात. पानातली द्रव्यं त्या कणांना आधीच गाठतात. मोडतोड निम्म्यावर येते. लवकरच शोधनिबंध पाठवतेय.”

“पण...”

“ऐकून होते मी,” ती हसली. “बोला.”

“अर्क कशात विरघळवता?”

“अल्कोहोलमध्ये.”

“अल्कोहोलसुद्धा त्या कणांना गाठतं. नुसतं अल्कोहोल घातलेल्या नळ्या कुठे आहेत?”

तिचे हसू मावळले. त्या एका पानापायी तिने उमेदीची वर्षे वेचली होती. ती पेटी उचलून निघून गेली. आणि वाद जिंकूनही त्याला त्या संध्याकाळचा चहा गोड लागेना.

पुढच्या आठवड्यात ती परतली.

“घ्या, तुमच्या नुसत्या अल्कोहोलच्या नळ्या. मनातल्या मनात खूप भांडले तुमच्याशी — हरले.”

“म्हणजे तिथे हजर होतो मी.”

“होतात. तिथेही पण-पण चालूच होतं.”

संस्थेचा दंडक असा, की नळ्यांवरील खुणा झाकाव्यात आणि कोणती नळी कशाची हे ठाऊक नसलेल्यानेच सूक्ष्मदर्शकाखाली तुटलेली गुणसूत्रे मोजावीत. ते काम त्याचे. खुणांवर कागद चिकटवता चिकटवता तो थबकला.

“मोजणारा मी नको.”

“का? खुणा तर झाकल्यात.”

“अर्काच्या नळीला हिरवट झाक असते, मला ओळखू येते. आणि... तुमचं पान जिंकावं असं वाटायला लागलंय मला. अशा माणसाने मोजू नये.”

तिने पेटी बाजूला सरकवली.

“ही शंका आहे, की...”

“कबुली.”

“पण?”

“यात पण नाही.”

तिने त्याच्या हातातला कागद घेतला आणि उरलेल्या खुणा स्वतः झाकल्या — अगदी सावकाश.

मोजणी विभागप्रमुख बाईंकडे गेली; त्यांना नळ्या न दाखवता नुसत्या काचपट्ट्या दिल्या. नात्याने त्या त्याच्या आत्या. संस्थेत मात्र तो त्यांना बाईच म्हणे. निकालाच्या सकाळी दोघे त्यांच्या टेबलापुढे उभे राहिले. बाईंनी चष्मा काढला.

“बहुतेक श्रेय अल्कोहोलचं.”

तिची मान खाली गेली. आत्या समोर आहे याचे भान न ठेवता त्याने ती हिरवट बोटे हातात घेतली.

“पानाचं थोडंच आहे,” बाई पुढे म्हणाल्या, “पण आहे, आणि खरं आहे. तेवढंच लिही, म्हणजे कुणाला खोडता येणार नाही.” मग त्यांची नजर त्या दोन हातांवर स्थिरावली. “आणि तू रे — हिच्या नळ्या मोजायला कायमचा अपात्र.”