मास्तरांचा कंपायलर

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. पटत नसेल तर इथेच थांबा, माझी काही हरकत नाही.

माझ्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडली. रात्रबित्र नव्हती. शनिवारची भर दुपार, तीनचा सुमार. ऑफिसात ती एकटीच.

ताई लिफ्ट चालवणारे प्रोग्राम लिहिते. ते मशीनला कळेल अशा भाषेत करून देणारा कंपायलर मास्तरांनी स्वतः बनवला होता. मास्तर म्हणजे तिचे जुने साहेब. दोन महिन्यांपूर्वी वारले. माणूस हुशार, पण भारी हेकेखोर. ताईची एखादी ओळ नको वाटली की सरळ खोडायचे आणि म्हणायचे, "गरज नाही."

अशीच एक ओळ त्यांनी चार वर्षांपूर्वी खोडली होती. लिफ्ट निघण्याआधी दार दुसऱ्यांदा तपासणारी. ताई गप्प बसली. पुढे हॉस्पिटलातल्या त्या लिफ्टच्या दारात एका नर्सचा हात चिरडला.

आता तीच लिफ्ट सोमवारी पुन्हा सुरू होणार होती. या वेळी ती ओळ घालणार म्हणजे घालणार, असं ताईने ठरवलं होतं.

त्या दुपारी तिने मास्तरांचा कंपायलर नव्या एडिटरला, म्हणजे ती ज्यात प्रोग्राम लिहिते त्या सॉफ्टवेअरला, जोडला. तो कुठे ठेवलाय ते सेटिंगमध्ये भरलं. आता एक बटण दाबलं की एडिटरच त्याला कामाला लावणार आणि त्याचं उत्तर खालच्या चौकटीत दिसणार.

तिने ओळ लिहिली. बटण दाबलं.

एसीची घरघर थांबली...

चौकटीत दोनच शब्द उमटले.

गरज नाही.

ताईने वर पाहिलं. तिची ओळ गायब.

"काहीतरी सेटिंग चुकलं," ती पुटपुटली. जोडणी काढली, नव्याने केली. कंपायलर पार उलटापालटा करून पाहिला. असा संदेश त्यात कुठेच नव्हता.

पुन्हा ओळ. पुन्हा बटण.

मागच्या खुर्चीची चाकं करकरली...

गरज नाही.

पर्स उचलून पळावंसं वाटलं, हे ती कबूल करते. मग तिला त्या नर्सचा हात आठवला आणि अशी काही तिडीक आली की भीती कुठल्या कुठे गेली.

मागे वळूनही न बघता ती म्हणाली, "मास्तर, तुम्ही मला शिकवलंत, मान्य. पण तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलं. आता तुम्ही खोडत बसा, मी लिहीत बसते. बघू कोण दमतं."

अकरा वेळा लिहिली. अकरा वेळा गेली.

बाराव्यांदा चौकट कोरी राहिली. ओळ जागेवर होती. खुर्चीची चाकं पुन्हा वाजली, या वेळी दाराच्या दिशेने...

सोमवारी लिफ्टमध्ये पहिली ताईच शिरली. दार तपासलं की आतला दिवा एकदा लुकलुकतो. लुकलुकला. मग दुसऱ्यांदा, तो तिच्या ओळीचा. आता लिफ्ट निघायला हवी होती.

निघाली नाही...

दिवा तिसऱ्यांदा लुकलुकला. मगच निघाली.

तिसरी तपासणी ताईने लिहिलेलीच नाही. प्रोग्राममध्ये ती आजवर कोणाला सापडलेली नाही. त्या लिफ्टमध्ये शिरताना तिच्या अंगावर अजून काटा येतो. पण लिफ्ट हळू निघते म्हणून प्रोग्राम नव्याने बनवा, असं साहेब लोक म्हणाले की ती ठणकावून सांगते, "माझ्या जिवंतपणी त्याला कोणी हात लावायचा नाही."