खिडकीसमोरचा बर्फ

बर्फ एका जागी जाड होता.

फार नाही, नखाच्या जाडीएवढाच. स्केटिंगचे बूट घालून येणाऱ्या मुलांना तो कधी जाणवला नसता. पण क्रीडासंकुलाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या तिला जाणवला, कारण दर सोमवारी सकाळी स्केटिंगची रिंक उघडण्याआधी बर्फाला बारीक भोकं पाडून त्याची जाडी मोजणं हे तिचं काम होतं. बाकीचा आठवडा पाणी तपासण्याचा. पोहण्याच्या तलावाचं, शॉवरचं, प्यायचं. संकुलात सगळे तिला लॅबबाई म्हणत. तिशी अजून यायची होती, पण पांढरा कोट घातला की माणसाची बाई होते, त्याला इलाज नाही.

तिने आधी पाण्यातले क्षार तपासले. मग बर्फाखालच्या थंड नळ्यांचं तापमान घेतलं. सगळीकडे सारखंच. आणि तरी दर सोमवारी त्याच जागी, प्रयोगशाळेच्या मधल्या खिडकीच्या बरोबर समोर, बर्फ जाड.

त्या दिवशी ती तिथेच गुडघे टेकून पट्टी लावत होती, तोच मागून हॉर्न वाजला.

"ओ लॅबबाई! सरका, नाहीतर तुमच्यावरूनच इस्त्री फिरवीन!"

बर्फ सपाट करणाऱ्या मशीनवर उंच आसनावर तो बसला होता. कानांवर फडकी लोंबणारी टोपी, हातात लोकरी मोजे. उंचावर बसतो म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणत. त्याचं मशीन पुढून बर्फाचा खरवडा काढत जाई आणि मागून गरम पाण्याचा पातळ थर पसरत जाई. त्या पाण्याची वाफ त्याच्या मागे शेपटीसारखी हलायची.

"एक सांगा," ती उठत म्हणाली, "इथेच बर्फ जाड का होतो?"

त्याने टोपी काढली. पुन्हा घातली.

"इथे... वळण आहे ना."

"वळण तिकडे आहे. इथे तर सरळ आहे."

"मग मशीनचं वय झालंय. दमतं इथे आलं की."

"नेमकं इथेच?"

"म्हाताऱ्यांचं काय सांगावं, मॅडम... कुठे बसावंसं वाटेल त्यांना..." तो एवढा लाल झाला की तिला वाटलं, थंडी बाधली असावी. मग घाईघाईने विषय बदलावा तसं तो म्हणाला, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणतात. मला शिकवाल?"

कारण ऐकल्यावर ती नाही म्हणूच शकली नाही. हा हंगाम संपला की रिंक बंद होणार होती. वीज परवडत नाही म्हणून बर्फ काढून तिथे मोठं जिम करायचं ठरलं होतं, आणि जिममध्ये कप्तानाला काही काम नव्हतं. त्याने परदेशातल्या एका भल्यामोठ्या संकुलात अर्ज केला होता. बर्फाचं काम त्याला झोपेतही जमलं असतं, पण मुलाखत इंग्रजीत होती. तिथे दिवसभर वॉकीटॉकीवर बोलावतात: अमुक ठिकाणी गळतंय, तमुक ठिकाणी दिवे गेलेत.

"आणि मी बॅडमिंटनला जायचं तर बॉक्सिंगला जाऊन उभा राहीन," तो म्हणाला. "ठोसे खाऊन परत येईन."

शिकवणी जेवणाच्या सुट्टीत सुरू झाली. पुस्तक नको, चालतच शिकू, असं तिनेच ठरवलं. तिला नाहीतरी नमुन्याच्या बाटल्या घेऊन सगळीकडे हिंडावं लागे. बाटल्यांची टोपली तो उचलायचा.

"आपल्याकडे बरं आहे," तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "काहीही खेळा, मैदान म्हटलं की झालं. या इंग्रजीवाल्यांनी प्रत्येक खेळाच्या जागेचं वेगळं बारसं कशाला केलं?"

"पाठ नका करू. वर्गवारी करा," ती म्हणाली. "आखलेली चौकट आणि मधे जाळी असेल तर कोर्ट. टेनिस, बॅडमिंटन, व्हॉलीबॉल."

"बास्केटबॉलला मधे जाळी नाही. तेही कोर्टच म्हणतात."

ती थांबली. "बरं. वर्गवारी सुधारते."

"बघा, मीही शिकवतो तुम्हाला."

फुटबॉलच्या हिरवळीला पिच म्हणतात हे त्याला पटेना. पिच तर क्रिकेटची, स्टंपांच्या मधली, ही अख्खी हिरवळ पिच कशी होईल? तिने समजावून सांगितलं. त्याने दोनदा मान हलवली आणि तिसऱ्यांदा मैदानच म्हणाला. धावायचा तो ट्रॅक, पोहायचा तो पूल, त्यातल्या दोरीने आखलेल्या पट्ट्या त्या लेन. बॉक्सिंगच्या हॉलमध्ये आल्यावर तो दोरांना हात लावून उभा राहिला.

"ही रिंग?"

"हो."

"चौकोनी आहे की!"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. विज्ञान शिकलेल्या बाईकडे उत्तर नाही, याचा त्याला एवढा आनंद झाला की तलावापर्यंत तो हसतच होता. आणि त्याचं हसणं ऐकत, का कोण जाणे, तीही.

एकदा टेनिस कोर्टवर असताना पाऊस आला. दोघं पंचांच्या उंच खुर्चीमागच्या छपराखाली पळाले. छप्पर दीड माणसाचं. तिचा खांदा त्याच्या बाहीला टेकला आणि दोघांपैकी कुणीच तो बाजूला घेतला नाही. आखलेल्या पांढऱ्या रेषांवर पाणी साचत होतं. तो हळूच म्हणाला, "कोर्ट." मग म्हणाला, "ओलं कोर्ट."

त्या दुपारी प्रयोगशाळेत आपल्या टेबलाशी बसल्यावर तिने खिडकीतून रिंककडे पाहिलं. मशीन येत होतं. मधल्या खिडकीसमोर आल्यावर त्याचा वेग मंदावला, टोपीची फडकी हलली, आणि मशीन पुढे गेलं. वेग कमी झाला की त्या जागी पाणी जास्त पडणार. पाणी जास्त पडलं की बर्फ जाड होणार. इतकं साधं!

पण एकदा पाहिलेल्या गोष्टीवर निष्कर्ष काढणारी ती नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने शिपायाला हाताशी घेतलं आणि आपलं टेबल मधल्या खिडकीपासून उचलून शेवटच्या खिडकीपाशी नेलं.

"इथे काय करताय, बाई?" शिपाई म्हणाला. "शेजारी अडगळीची खोली आहे."

"उजेड बरा आहे."

शिपायाने अंधाऱ्या कोपऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पगार आपल्याला टेबलं उचलायचा मिळतो, हे आठवून गप्प बसला.

पुढे काही सोमवार गेले. मधल्या खिडकीसमोरचा बर्फ इतर बर्फासारखा झाला. शेवटच्या खिडकीसमोरचा जाड झाला. तिने पट्टी तीनदा लावली. प्रयोग यशस्वी झाल्यावर छातीत इतकं धडधडतं, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

"तुझं मशीन आता दुसरीकडे दमायला लागलंय," जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली. 'तू' तोंडातून निसटला तो निसटलाच.

कप्तान बाटल्यांची टोपली घेऊन जागच्या जागी उभा.

"टेबल तुम्ही हलवलंत."

"उजेडासाठी."

"तिथे उजेड नाहीये."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत नसणार तर कुणाला?" तो म्हणाला. "तिथे तुमचा चेहरा नीट दिसत नाही. म्हणून तर आणखी हळू जावं लागतं."

तिने टोपलीतली एक बाटली उगाच सरळ केली. ती आधीच सरळ होती.

"परत मधल्या खिडकीत आणते," ती म्हणाली. "बर्फ तरी वाचेल."

त्यानंतर शिकवणी फार सावकाश चालू लागली. संकुलात गोल्फ नव्हतं, तरी गोल्फ कोर्सवर तिने जवळजवळ आठवडा घालवला. तिथली हिरवळ, तिथले वाळूचे खड्डे, तिथली तळी.

"मॅडम, गोल्फ अजून संपलं नाही?"

"मोठा विषय आहे."

"असू दे, असू दे. मला कुठे घाई आहे?"

पण मुलाखतीची तारीख आली, तेव्हा घाई दोघांनाही होती. आदल्या संध्याकाळी ते धावण्याच्या ट्रॅकवरून चालत उजळणी करत होते. बोलिंगची ती ॲली. स्कीइंगचा तो स्लोप. त्याने एकही चूक केली नाही. तिला अभिमान वाटायला हवा होता, आणि वाटलाही. तरी झालेले शब्द तिने पुन्हा पहिल्यापासून विचारले.

"मी पास झालो तर," तो एकदम म्हणाला, "मला एकट्याने जायचं नाहीये."

ती चालत राहिली.

"तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसाला विचारतोय, ऐपतीबाहेरचं आहे. पण विचारलं नाही तर तिकडे जाऊन आयुष्यभर हळू मशीन चालवत बसेन. तेही रिकाम्या खिडक्यांसमोर."

"आधी पास तर हो..." ती म्हणाली.

"हे उत्तर झालं का?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि टोपली दुसऱ्या हातात घेतली.

तिचं उत्तर अडलं होतं आत्यापाशी. निदान ती स्वतःला तसं सांगत होती. आई-वडील गेल्यापासून तिला आत्याने वाढवलं होतं. पोस्टातली नोकरी, संसार नाही, मूल नाही, होती ती ही भाची. अशा बाईला या वयात सोडून जायचं?

आत्या रोज सकाळी बागेतल्या ओपन जिमला जायची. तिथे दांडे धरून पाय झुलवायच्या यंत्रावर ती उभी होती, साडी खोचून, पायांत पांढरे बूट. भाचीने बाकावर बसून सगळं सांगितलं. कप्तान, मुलाखत, खिडकी. जाड बर्फाचं ऐकून आत्याचे पाय झुलायचे थांबले.

"टेबल हलवून पाहिलंस?"

"हो."

"धन्य आहे. लोक पाकळ्या तोडतात, आमची भाची टेबलं हलवते." आत्या पुन्हा झुलू लागली. "मग काय सांगितलंस त्याला?"

"काय सांगणार? तुझे गुडघे, तुझं एकटीचं..."

"माझ्या गुडघ्यांना यात ओढू नकोस! ते इथे रोज व्यायाम करतात." बाजूच्या यंत्रावरच्या दोन आजी हसल्या. आत्याने त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. "पुढचं शिकायला तुला तिकडच्याच देशात जागा मिळाली होती. आठवतंय? तेव्हाही म्हणालीस, आत्याची तब्येत बरी नसते. अगं, मला साधं पडसं झालं होतं!"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतंच. रडले असते चार दिवस. मग टीव्हीवर लावलं असतं काहीतरी." आत्या खाली उतरली आणि तिच्या शेजारी बसली. आवाज खाली आला. "तुला खात्री हवी असते, राणी. ती मोजून मिळत नाही. नको असेल तो, तर नको म्हण, मी काही बोलणार नाही. पण माझ्या पदराआड लपू नकोस. माझा पदर आता तेवढा मोठा राहिला नाही."

एक गोष्ट मात्र भाचीने आत्यालाही सांगितली नव्हती. त्या परदेशी संकुलातही तलाव होते, त्यांचंही पाणी कुणीतरी तपासत होतं, आणि तशी एक जागा रिकामी असल्याचं तिने कधीच शोधून ठेवलं होतं.

मुलाखत झाली. हंगाम संपला. कळवतो म्हणाले होते, ते कळवेनात. कप्तानाने पुन्हा काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. रोज ठरवायची, आज बोलू. रोज जेवणाची सुट्टी संपायची.

आणि मग बर्फ वितळवायचा दिवस आला. थंड नळ्या बंद केल्या होत्या. रिंकवर पाणी साचलं होतं आणि कडेला पंप घरघरत होता. ती शेवटचे नमुने घेत होती. तो गमबूट घालून रबरी फावड्याने पाणी जाळीकडे लोटत होता. मशीन कोपऱ्यात कापड पांघरून उभं होतं.

त्याचा फोन वाजला. त्याने ओला हात पॅंटला पुसला आणि फोन मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडे एक बाई होती. स्पष्ट, हसरा आवाज. तिचं पहिलंच वाक्य दोघांना कळलं. तो पास झाला होता.

कप्तानाने इंग्रजीत दोनदा आभार मानले. एकदा बाईंचे, आणि एकदा, लॅबबाईकडे बघत, उगाचच.

बाईंनी पुढे काहीतरी विचारलं. त्याचा चेहरा गोंधळला. त्याने फोन छातीशी धरला.

"राहायच्या खोलीचं विचारतेय. एकट्याची हवी की दोघांची. आत्ताच सांगायचं म्हणते, खोल्या भरत चालल्यात." त्याने खाली वितळत्या बर्फाकडे पाहिलं. "मी... एकट्याची सांगतो. पुढेमागे बदलून घेता येईल. बहुतेक."

तो फोन तोंडाजवळ नेणार तोच तिने हात पुढे केला. हातात अजून नमुन्याची बाटली होती. ती तिने त्याच्या हातात दिली आणि फोन घेतला.

"टू," ती म्हणाली.

"सॉरी?" पलीकडून आवाज आला. "ऐकू येत नाहीये, खूप आवाज आहे तिकडे..."

कप्तान धावला. पाण्यातून फचाफच पाय टाकत कडेला गेला आणि त्याने पंप बंद केला. अख्ख्या रिंकवर एकदम शांतता पसरली. फक्त कुठेतरी थेंब पडत होता.

"खोली दोघांसाठी हवी," ती इंग्रजीत म्हणाली, सावकाश, एकेक शब्द सुटा, शिकवताना बोलायची तशी. "आम्ही दोघं येतोय."