नातेवाईकाला भेटायला

बीडला, मनाच्या डॉक्टरांच्या दारासमोरच्या बाकावर तो भेटला. मी डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेला, त्याने रुमाल. तरी ओळखलंच मी… कॉलेजात आमच्या वर्गातला सत्यम!

"आरोही ना तू?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि फाइलवरच्या नावावर हात ठेवला.

तो हसला. "मी नातेवाईकाला भेटायला आलोय."

"मी पण… आत्याला."

तेवढ्यात आतून हाक आली, "आरोही कोण?"

"जा," तो म्हणाला, "आत्या बोलवायली."

कितीतरी महिन्यांनी मी खळखळून हसले.

परतीच्या एसटीत तेलगावपर्यंत एकाच सीटवर बसलो. माझे आई-दादा, म्हणजे आई-वडील, ऊसतोडीला लांब कर्नाटकात. खोलीत एकटी राहून राहून माझा जीव घाबरा व्हायचा, वर्गात 'हजर' म्हणतानाही हात गार पडायचे. तो लहानपणापासून कीर्तन करायचा. मागच्या साली दिंद्रुडच्या सप्ताहात चालू कीर्तनात त्याचा श्वास अडकला आणि तो मंडपातून निघून गेला. पोरगं वाया गेलं, म्हणाले लोक. तेव्हापासून त्याने कीर्तनासाठी तोंडच उघडलं नव्हतं.

"नारदाच्या गादीवरून पळालेला मी पहिलाच असंल."

"नारद तरी कुठं एका जागी थांबतो?"

त्याने माझ्याकडे बघितलं… आणि बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी त्याला केशरमावशींच्या मेसवर नेलं. आम्ही पाच-सहा पोरं तिथं जेवायचो, बहुतेकांचे आई-बाप कोयता घेऊन लांब गेलेले. "भाकरी वाढू का?" ज्या सुरात विचारायच्या, त्याच सुरात मावशी विचारायच्या, "गोळी घेतली का?"

पौषात दिंद्रुडहून पुन्हा कीर्तनाचं निमंत्रण आलं. सत्यमने मान हलवली. "माझ्यानं व्हायचं न्हाई."

मावशींनी ताटात ठेचा वाढला. "टाळकरी मागं काहून उभे असतात रे? शोभेला? म्हाराजाचा दम तुटला तरी नाम तुटू नये म्हणून! यंदा आपली पोरं उभी राहतील."

"मावशी, मला फक्त वरातीतला डान्स येतो," पप्पू म्हणाला.

"मग पाय कमी हालव, हात जास्ती."

महिनाभर रोज संध्याकाळी आम्ही टाळ शिकलो. सत्यम माझं मनगट धरून ठेका दाखवायचा…

"लक्ष कुठंय तुझं?"

"ठेक्यात."

"ठेका हातात हाय, आरोही. माझ्या तोंडावर न्हाई."

दिंद्रुडला तोच मंडप, तीच माणसं. अर्धा तास तो सुंदर रंगला. आणि मग… एका ओळीवर अडला. वर गेलेला हात तसाच राहिला. मृदंग थांबला. त्याने मागं वळून पाहिलं, थेट माझ्याकडे. कपाळावर घाम. आज हा निघून गेला तर परत कधीच उभा राहणार नाही, हे मला कळत होतं.

वर्गात 'हजर' म्हणायलाही घाबरणारी मी. तरी आतून निघालंच, "विठ्ठल…"

सूर चुकला होता. पण पप्पूने उचलला, मग सगळ्यांनी, मग अख्ख्या मंडपाने. त्याचा श्वास परत येईपर्यंत आम्ही नाम खाली पडू दिलं नाही.

सत्यमने पाण्याचा घोट घेतला. "माउली, मागल्या साली मी इथून पळालो. आता मनाच्या डॉक्टरांकडं जातो, गोळ्या घेतो. लाज वाटत न्हाई. मागं उभी हायत ना, ती माझ्या घरची माणसं."

मग बायकांतून वत्सलाबाई नावाची एक म्हातारी उठली. "म्हाराज, त्या डॉक्टरचा पत्ता सांगून जा. माझं लेकरू चार महिने झालं बोलंना."

त्याने हात जोडले. माझी मान अशी ताठ झाली, की टाळ वाजवायचंच विसरले मी!

पुढच्या तारखेला पुन्हा तोच बाक. स्कार्फ नव्हता, रुमालही नव्हता.

"आज कुणाला भेटायला?" त्याने विचारलं.

"नातेवाईकाला."

"कोण लागतो तुझा?"

"त्यानं अजून विचारलंच न्हाई…"

त्याचे कान लाल झाले. "आई-दादा कधी येतेत?"

"पाडव्याला."

"मग पाडव्याला येतो. मावशीला घेऊन."

"आणि पप्पू?"

"तो तर आत्तापासूनच नाचायलाय."

आतून हाक आली, "सत्यमसोबत कोण आलंय?"

मी उठले. अख्ख्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी हाय!"