तांबड्या पेटीचं ऊन

"आकडे बदला, नाहीतर शनिवारच्या सादरीकरणातून तुमचं नाव गेलं समजा!" असं म्हणून गौरीशंकर सर पंख्याखाली जाऊन बसले.

शिवरंजनी रागाने लालबुंद झाली. मुरुमजवळच्या त्या कॉलेजात नववी-दहावीच्या मुलांसाठी सुट्टीतलं विज्ञान संशोधन शिबिर चाललं होतं. शनिवारी ज्यांची निवड होईल, त्यांना पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. शिवरंजनीला तर त्या प्रयोगशाळेची स्वप्नंच पडत होती!

तिने, मैत्रीण दीपमालाने आणि चुलतभाऊ मल्लेशने आंब्याच्या खोक्यांच्या फळ्या जोडून तापमान मोजायची पेटी बनवली होती. हवा खेळायला फटी ठेवल्या, वरून चुना फासला, आत थर्मामीटर टांगलं. मैदानात कॉलेजचीही अशीच पेटी होती, मुलांच्या आजोबांच्या काळापासून उभी असलेली. तिच्या शेजारीच त्यांनी आपली पेटी ठेवली. पण दुपारी त्यांचं थर्मामीटर रोज कॉलेजच्या थर्मामीटरपेक्षा दोन-तीन अंश कमीच दाखवायचं, म्हणून सरांना मुलांचेच आकडे चुकीचे वाटत होते.

"बदलून टाकू की गं रंजे," मल्लेश म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघितलंय ना! डोळ्यांनी बघितलेलं सोडून खोटं लिहू? न्हाय!"

"मग पुणं ऱ्हायलं!"

"ऱ्हाऊ दे!"

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आधीच तिघं मैदानात हजर! दीपमालाने दोन्ही पेट्या उघडल्या आणि ओरडली, "अय्यय्यो! दोन्ही सारखीच!"

"म्हणजे थर्मामीटर चांगली हायेत," शिवरंजनी म्हणाली. "ऊन तापल्यावरच काहीतरी बिघडतंय."

दुपारी मल्लेश ऐटीत कॉलेजच्या पेटीला टेकला आणि किंचाळत उडाला. "आई गं! पेटी हाय का तवा!"

शिवरंजनीने त्यांच्या पांढऱ्या पेटीवर हात ठेवला. कोमट. मग ती कॉलेजच्या गडद तांबड्या पेटीकडे टक लावून बघत राहिली. तिने खिळ्याने रंग जरासा खरवडला. खाली पांढरा!

तेवढ्यात ऑफिसातले पंचाक्षरी काका आले. "ए, खरवडू नका! बसव जयंतीला रंगवलीय मी. नंदीचा कट्टा झाला, फाटक झालं, तरी रंग उरला. मग पेटीच कशाला सोडायची? झकास दिसते ना?"

"लई झकास, काका!" मल्लेश हात चोळत म्हणाला. "आणि लई गरम!"

मुलं सरांकडे धावली. "सर, रंगामुळं पेटी तापतेय! आत..."

सर फोनवर बोलत होते. त्यांनी मान हलवली. "बहाणे नकोत. आकडे बदलून आणा."

संध्याकाळी तिघांनी बादलीभर चुना कालवला!

सकाळी सर मैदानात आले आणि थबकले. तांबडी पेटी पांढरीशुभ्र! "कॉलेजच्या वस्तूला हात? कुणी केलं हे?"

"आम्ही!" तिघं एकदम म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता पुसा!"

शिवरंजनी पेटीसमोर उभी राहिली. "न्हाय पुसणार, सर. नाव काढायचं तर काढा. पण आज दुपारी थर्मामीटर बघा. आम्ही चुकलो असलो तर मीच पेटी तांबडी करून देईन."

"बघायला काय जातंय, सर?" पंचाक्षरी काका हळूच म्हणाले.

दुपारी शिबिरातली सगळी मुलं जमली. सरांनी कॉलेजची पेटी उघडली. मग खोक्याची. चष्मा पुसून पुन्हा कॉलेजची. दोन्हीत पारा एकाच रेघेवर होता!

"हं," सर पुटपुटले. "अखेर तुमचा आकडा आमच्याशी जुळला."

"न्हाय सर," शिवरंजनी म्हणाली. "तुमचा आमच्याशी जुळला!"

सर मोठ्याने हसले! "खरंय! मी रोज आकडे वाचले, पेटीकडे कधी बघितलंच नाही. जयंतीपासून या पेटीवरून घेतलेले सगळ्यांचे आकडे आता तपासायला हवेत. शाब्बास पोरांनो! नमतं घेतलं असतंत तर ही चूक पुण्यापर्यंत गेली असती. शनिवारी पहिलं सादरीकरण तुमचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पंचाक्षरी काका मात्र काळजीत पडले होते. "म्हणजे फाटकही पांढरं करायचं का गं?"

"राहू द्या काका," शिवरंजनी हसत म्हणाली. "फाटक कुठं आकडे सांगतंय!"